टीव्हीतच एचडी सॅटेलाइट ट्यूनर असावा का? कोकणातल्या घरांच्या हिशेबाने बोलूया

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

गणपती जवळ आले की आपल्याकडे टीव्हीची खरेदी निघते. मुंबईहून येणारा मुलगा आईबाबांसाठी ४३ इंची घेऊन येतो, नाहीतर चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या दुकानातून उचलतो. ओटीवर टीव्ही लागतो आणि त्याच्या मागे फ्री डिशच्या (दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या) जुन्या बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना खोचल्या जातात. पडदा १०८० ओळींचा, चित्र ५७६ ओळींचं आणि तेही ताणून रुंद केलेलं. निवेदिकेचा चेहरा चपटा, खालची बातम्यांची पट्टी अर्धी कापलेली. घरातली म्हातारी माणसं तेच बघत राहतात, कारण दुसरा रिमोट हातात घ्यायचा म्हणजे आहे तेही जाईल ही धास्ती.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत, अगदी ३२ इंचीतसुद्धा, उपग्रहाचा डिजिटल ट्यूनर (सिग्नल पकडून वाहिनी लावणारा भाग) सक्तीने असला पाहिजे आणि त्याला एचडी वाहिन्या उघडता आल्या पाहिजेत. छपरावरच्या छत्रीची वायर थेट टीव्हीत, एक रिमोट, मधे बॉक्स नाही. अँटेनाच्या काळात हेच होतं. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून टीव्ही म्हणजे ट्यूनरसकट टीव्ही. आता दूरदर्शनने जमिनीवरची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद केली. त्यामुळे टीव्हीतला तो जुना ट्यूनर निरुपयोगी झाला आणि त्याच्या जागी नवा सक्तीचा कुणी केला नाही.

भारतीय मानक ब्यूरोने सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलं आहे, आयएस १८११२:२०२२. जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झालं. डिश आणि एलएनबी (छत्रीच्या पुढचा, सिग्नल गोळा करणारा तुकडा) जोडली की मोफत वाहिन्या आणि रेडिओ थेट टीव्हीवर, असं त्यात अपेक्षित आहे. पण मानक निघालं म्हणजे सक्ती झाली असं नाही. काही कंपन्यांच्या काही मॉडेलांत ट्यूनर असतो, बाकीच्यांत नसतो, आणि दुकानदाराला विचारलं तर तो "एचडी रेडी आहे ना" म्हणून स्टिकर दाखवतो.

त्या स्टिकरबद्दलही सांगतो. 'एचडी रेडी' हे चिन्ह युरोपात २००५ साली आलं. त्याचा अर्थ इतकाच, की बाहेरून एचडी सिग्नल दिला तर हा पडदा तो दाखवू शकतो. आत ट्यूनर असल्याची हमी त्यात नव्हतीच. म्हणून तिथे २००७ मध्ये ट्यूनरवाल्या संचांसाठी 'एचडी टीव्ही' असं वेगळं चिन्ह काढावं लागलं. आपल्याकडे पहिलं चिन्ह आलं, दुसरं कुठे दिसतच नाही.

तुम्हाला काय वाटतं? घरचा अनुभवही लिहा.

---

सुरंगी

चांगला धागा. मी हर्णैजवळची. सासूबाईंना डोळ्यांचा त्रास आहे. त्यांना दोन रिमोटांतला फरक हाताला लागत नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण चुकून दाबलं गेलं की निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. मग शेजारच्या मुलाला हाक. तो शाळेत असेल तर संध्याकाळपर्यंत टीव्ही बंद. एकटं राहणाऱ्या माणसाला ही लहान गोष्ट नाही हो. ट्यूनर आत असेल तर निदान टीव्ही लावला की वाहिनी दिसेल. माझा पूर्ण पाठिंबा.

---

केबलपोरगा

मी केबलच्या धंद्यातला, संगमेश्वर तालुका. विरोध आहे असं समजू नका, पण लोकांना अर्धीच गोष्ट सांगू नका.

टीव्हीत ट्यूनर आला तरी दिसणार फक्त मोफत वाहिन्या. पैसेवाल्या वाहिन्या कूटबद्ध असतात, त्या उघडायला त्या-त्या कंपनीचं कार्ड आणि कुलूप लागतं. ते बॉक्समध्ये असतं. तुम्ही सक्ती केलीत आणि लोकांना वाटलं, की आता सगळ्या मालिका आणि क्रिकेट फुकट, तर उद्या ते दुकानदाराशी भांडतील आणि मग माझ्याकडे येतील.

दुसरं, फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावाने येतात-जातात. आज आहे ती मराठी वाहिनी पुढच्या लिलावात असेलच असं नाही. सह्याद्री कायम राहील, बाकीच्यांची खात्री कुणी देऊ शकत नाही.

---

खाडीपलीकडे

केबलपोरगा, मुद्दा रास्त आहे, आणि त्यावर उपाय कागदावर झालेला आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती, की बॉक्स एका कंपनीचा दुसरीकडे चालला पाहिजे आणि टीव्ही संचालाही यूएसबीवर आधारित एक खुला पोर्ट असला पाहिजे. त्यात कंपनीने दिलेलं छोटं मॉड्यूल खोचायचं. कंपनी बदलली तर मॉड्यूल बदलायचं, टीव्ही तोच. शिफारस ही शिफारसच असते हे खरं, पण ट्यूनर आणि हा पोर्ट दोन्ही एकत्र मागितले पाहिजेत. नुसता ट्यूनर मागणं अपुरं आहे.

मोफत वाहिन्या म्हणून कमी लेखू नका मात्र. देशात चार कोटींहून जास्त घरं फ्री डिशवर आहेत असे उद्योगाचेच अंदाज आहेत. आणि पैशाचा हिशेब बघा. २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम आले तेव्हा एकही पैसेवाली वाहिनी न घेता महिन्याला १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे १८४० रुपये. तेवढ्यात फ्री डिशची छत्री-बॉक्स एकदाच लागते आणि पुढे काही द्यावं लागत नाही. वर्षातले दहा महिने बंद असलेल्या गावच्या घराला यापेक्षा परवडणारं काय आहे?

---

बांधकरी

माका एकच सांगा. ट्यूनर टीव्हीत इलो तरी छत्री लावूक माणूस लागतलोच मां? आमच्याकडे वांदर रोज ती छत्री हलयतत. बॉक्स काय, टीव्ही काय, सिग्नल गेलो तो गेलोच. आधी त्येचा काय ता बघा.

---

वीजतार

टीव्ही-फ्रिज दुरुस्ती करतो, दापोली-मंडणगड पट्ट्यात. बांधकरी दादांचं आधी घेतो, मग मूळ विषयाकडे येतो.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेला, जमिनीपासून जवळजवळ ६० अंश वर. म्हणजे मागचा डोंगर आड येत नाही. आड येतो तो अंगणातला माड नाहीतर फणस. छत्री लावताना मे महिन्यात नीट दिसतं, पावसात झाड भरतं, झावळ्या ओल्या होतात, सिग्नल पडतो. लोक बॉक्सला शिव्या घालतात. छत्री कौलांवर लावू नका, चिऱ्याच्या भिंतीत खिट्टी मारून हाताच्या उंचीवर लावा. वांदरांनी हलवली तर तुमची तुम्हालाच सरळ करता येते, शिडी लागत नाही. आकाशाचा तो आग्नेयेचा तुकडा मोकळा असला की झालं, उंचीला काही अर्थ नाही.

आता ट्यूनर. माझा विरोध आहे, आणि कारण वीज.

आपल्याकडे मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरात कडाडते ती वीज घरावर पडायची गरज नसते. आसपास पडली तरी छपरावरून खाली आलेल्या वीस-तीस मीटर वायरीत झटका येतो. तो वायरीच्या शेवटी जे असेल त्यात घुसतो. आज शेवटी बॉक्स असतो. बॉक्स गेला तर हजार-बाराशेत दुसरा. ट्यूनर आत असेल तर शेवटी टीव्हीचा मदरबोर्ड. तो गेला की टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला आणि पार्ट इथे मिळत नाही, मुंबईहून मागवायचा, महिना महिना थांबायचं. स्वस्त ब्रँडचा तर दोन वर्षांनी मिळतच नाही. माझ्याकडे ऑक्टोबरात ढिगाने येणारे बॉक्स बघितलेत तर तुम्हीही दोनदा विचार कराल.

सड्यावरच्या घरांत तर अर्थिंग नावापुरतं असतं. कातळात खड्डा कोण मारतो? फूटभर उकरून पट्टी पुरतात, उन्हाळ्यात ती जागा ठणठणीत कोरडी.

---

सुरंगी

वीजतार दादा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बॉक्स मधे असला की टीव्ही सुरक्षित?

---

वीजतार

ताई, पूर्ण सुरक्षित नाही, तेही सांगतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील तर बहुतेक वेळा बॉक्सवर भागतं. एचडीएमआयने जोडलेला असेल तर झटका एचडीएमआयमधून पुढे जातो आणि टीव्हीचा तो पोर्ट तरी जातो, कधी बोर्डही. बोर्डाकडे जाणारा झटका बॉक्स काहीसा झेलतो, एवढंच.

---

रातांबा

मग याचा अर्थ असा होतो, की एचडी बघायचं तर धोका दोन्हीकडे आहे. कारण बॉक्समधूनही एचडी येतं ते एचडीएमआयनेच. पिनांच्या वायरीतून एचडी येतच नाही. म्हणजे वीजतारांचा मुद्दा ट्यूनरच्या विरोधात जात नाही, विजेपासून बचावाच्या बाजूने जातो. छत्रीच्या वायरीवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) आणि छत्रीला वेगळं अर्थिंग, हे मानकातच सक्तीचं करा. ट्यूनरच्या तोंडाशी चांगलं संरक्षण घालायला कंपनीला अशक्य काही नाही. सक्ती नसेल तर ती पैसे वाचवणार, सक्ती असेल तर घालणार.

---

वीजतार

रातांबा, हे मान्य. पण 'ट्यूनरच्या तोंडाशी संरक्षण' हे कागदावर लिहून तपासणी झाली नाही तर उपयोग शून्य. आणि संरक्षण असलं तरी त्याला झटका जमिनीत सोडायला अर्थिंग लागतंच. ढग दाटले की वायर काढून ठेवा, हा माझा सल्ला ट्यूनर असो-नसो कायम.

---

चाकरमानी४२

एवढी चर्चा कशासाठी? आता सगळे टीव्ही स्मार्ट आहेत. प्रसार भारतीचं वेव्ज अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. छत्री नको, वायर नको, वीज नको, वांदर नको. पाच वर्षांत फायबर वाडीवाडीत जाईल. आज ट्यूनरची सक्ती करून प्रत्येक टीव्ही महाग कशाला करायचा? डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्यासारख्याने न वापरायच्या वस्तूचे पैसे का द्यायचे?

---

खाडीपलीकडे

दादा, फायबर आलं तर आनंदच आहे. पण ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आत शिरलं आणि मंडणगड, दापोली, श्रीवर्धनमध्ये खांब आडवे, टॉवर बंद. कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. मुंबईच्या लोकांना गावचा फोन लागत नव्हता. नेटवर चालणारं सगळं एका दमात गेलं. उपग्रह वरच होता. ज्याच्याकडे इन्व्हर्टर किंवा जनरेटर होता आणि छत्री जागेवर राहिली होती, त्याला बातमी दिसत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूण बुडालं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला एक तरी वाट अशी हवी, जी मोबाइल टॉवरवर अवलंबून नाही. आकाशातून फुकट येणारा सिग्नल सोडून महिन्याच्या रिचार्जचं नेट घेऊन तीच वाहिनी बघायची, म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवणं.

---

चाकरमानी४२

इन्व्हर्टरवर टीव्ही किती तास चालवणार? त्या वेळी आमच्या गावात लोक ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी ऐकत होते. संकटासाठी टीव्हीचं उदाहरण मला पटत नाही. महागाईचा माझा प्रश्न तसाच आहे.

---

खाडीपलीकडे

रेडिओचं शंभर टक्के खरं. फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात, म्हणून ट्यूनर त्यालाही उपयोगी आहे. पण लाइट पूर्ण गेलेल्या घरात ट्रान्झिस्टरला तोड नाही, ते मी नाकारत नाही.

---

कायदेकौल

महागाईच्या मुद्द्यावर अमेरिकेचा दाखला उपयोगी पडेल.

तिथे १९६२ मध्ये कायदा झाला, की प्रत्येक टीव्हीत यूएचएफ ट्यूनर असलाच पाहिजे. व्हीएचएफ आणि यूएचएफ हे प्रक्षेपणाच्या लहरींचे दोन पट्टे. तोवर बहुतेक संच फक्त व्हीएचएफ पकडत, त्यामुळे यूएचएफवरची छोटी केंद्रं कुणी बघत नसे आणि ती डबघाईला येत. कुणी बघत नाही म्हणून ट्यूनर नाही, ट्यूनर नाही म्हणून कुणी बघत नाही. हे चक्र कायद्याने तोडलं.

त्याच कायद्याच्या आधारे २००२ मध्ये तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेने डिजिटल ट्यूनर सक्तीचा केला. उत्पादकांची संघटना कोर्टात गेली. युक्तिवाद थेट चाकरमानी४२ यांचाच: बहुतेक घरांत केबल किंवा सॅटेलाइट आहे, मग न वापरायच्या ट्यूनरचा भुर्दंड सगळ्यांना का? २००३ मध्ये कोर्टाने एफसीसीची बाजू उचलून धरली. सक्ती टप्प्याने आली, आधी ३६ इंच आणि त्यावरचे मोठे संच, कारण महाग टीव्हीत ट्यूनरचा खर्च जाणवत नाही. १ मार्च २००७ पासून सगळे. १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबलं. जुने टीव्ही असलेल्यांना सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी ४० डॉलरची कूपनं दिली, एका घराला दोन.

आपल्या हिशेबाने यात शिकण्यासारखं असं, की तिथे तारीख ठरलेली होती आणि गरीब घरांचा विचार आधी झाला होता. आपल्याकडे अ‍ॅनालॉग गेलं तेव्हा ना तारखेची चर्चा, ना कूपन.

---

रातांबा

जर्मनीचंही सांगतो, म्हणजे उलटी बाजू कळेल. तिथल्या टीव्हींत जमिनीवरच्या प्रक्षेपणाचा डिजिटल ट्यूनर आतच होता. मार्च २०१७ मध्ये त्यांनी ते प्रक्षेपण नव्या डीव्हीबी-टी२ (प्रक्षेपणाची पद्धत) आणि एचईव्हीसीवर (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) नेलं. जुना ट्यूनर असलेले टीव्ही धडधाकट असूनही अंधारात. लोकांना पुन्हा बॉक्स घ्यावा लागला.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. फ्री डिशचे जुने बॉक्स एमपेग-२वाले, म्हणजे चित्र दाबण्याच्या जुन्या पद्धतीचे, एमपेग-४च्या वाहिन्या त्यांच्यावर येतच नाहीत. बॉक्स बदलता येतो, टीव्ही आठ-दहा वर्षं भिंतीवर राहतो. म्हणून सक्ती करायचीच तर ट्यूनर आजच्या गरजेपुरता नको. डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत), एमपेग-४ आणि एचईव्हीसी, तिन्ही हवेत. स्मार्ट टीव्हीतली चिप बहुधा एचईव्हीसी उलगडतेच, कारण अ‍ॅपना ते लागतं. म्हणजे नवीन घालायचं ते मुख्यतः ट्यूनर आणि एलएनबीला वीज देणारा भाग. चाकरमानी४२, खर्च वाटतो तेवढा नाही.

---

केबलपोरगा

हे पटलं. आणि डीव्हीबी-सी विसरू नका, म्हणजे केबलचा डिजिटल ट्यूनर. २०११ च्या कायद्याने केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झालं, गावांचा टप्पा मार्च २०१७ ला संपला. आम्ही घरोघरी बॉक्स लावले, पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले. नेटवर्क बदललं की तो बॉक्स कचऱ्यात. माझ्या गोडाऊनमध्ये कोपऱ्यात रचून ठेवलेत, कुणी भंगारातही धड घेत नाही. टीव्हीत ट्यूनर आणि मॉड्यूलचा पोर्ट असता तर हे झालं नसतं. मी धंद्यात असूनही सांगतो, बॉक्स विकून आमचं भलं होत नाही. तक्रारींतच अर्धा दिवस जातो.

---

बांधकरी

वीजतार, भितीक लावलय छत्री. काल सरळ केलय एकट्यान. पावसात पण टिकली मां तर बघूया.

---

वीजतार

उत्तम. जोरदार सर आली की चित्र अडकेल, ते कुणाला चुकत नाही, त्या लहरी पावसात विरतात. एचडी वाहिनी आधी जाईल, साधी नंतर, कारण एचडी सहसा ज्या पद्धतीने पाठवतात तिला सिग्नल जास्त चांगला लागतो. फार त्रास झाला तर ६० सेंटिमीटरऐवजी ७५ किंवा ९० ची छत्री लावा. आणि एलएनबीच्या पिनेला इन्सुलेशन टेपचे चांगले वेढे द्या. खाऱ्या हवेत ती पिन दोन पावसाळ्यांत हिरवी पडते. वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. ट्यूनरवाल्या टीव्हीला हे जास्तच गरजेचं. वायरीत पाणी जाऊन शॉर्ट झालं तर एलएनबीला वीज देणारा टीव्हीचा भाग जातो.

एवढं वाचून माझं मत जरा बदललंय. बचावाची अट आणि पार्ट सात-आठ वर्षं मिळण्याची अट असेल तर ट्यूनरला माझी हरकत नाही. त्याशिवाय असेल तर आहे.

---

सुरंगी

आम्ही दिवाळीला नवा घेणार आहोत. ट्यूनरवालाच घ्यायचा ठरलं. दुकानात ओळखायचा कसा? विक्रेता सगळ्यालाच "हो, आहे" म्हणतो.

---

वीजतार

ताई, टीव्ही मागून बघायचा. साधा अँटेनाचा सॉकेट गुळगुळीत असतो, पिन नुसती ढकलायची. सॅटेलाइटचा सॉकेट बाहेर आलेला, त्यावर बारीक आटे असतात, पिन फिरवून बसवायची. आटे दिसले तरी तिथेच थांबू नका. खोक्यावरच्या किंवा पुस्तिकेच्या तपशिलात डीव्हीबी-एस२ लिहिलेलं बघा. नुसतं डीव्हीबी-टी२ असेल तर ते जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी, ते आपल्या किनाऱ्याला काही कामाचं नाही. मग टीव्ही सुरू करून सेटिंगमध्ये चॅनल स्कॅनला जा. तिथे अँटेना, केबल आणि सॅटेलाइट असे तिन्ही पर्याय दिसले पाहिजेत. सॅटेलाइट दिसत नसेल तर विक्रेता काही म्हणो, घेऊ नका.

---

सुरंगी

आणि घरी आणल्यावर?

---

वीजतार

सॅटेलाइट निवडा, यादीत जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व. एलएनबी ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू, २२ किलोहर्ट्झ ऑटो. मग ब्लाइंड स्कॅन (टीव्ही स्वतःच वाहिन्या शोधतो), फक्त मोफत वाहिन्या. संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका. सह्याद्री सापडली की तिला पसंतीच्या यादीत १ नंबर द्या, सासूबाईंना एकच बटण दाबावं लागेल. आणि सर्ज प्रोटेक्टर त्याच दिवशी लावा, पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.